डावीकडचे चार नट

टण् असा एक ठोका, त्याच्यामागून लांबत जाणारा नाद, आणि नाद विरून गेल्यावरही डावा कान किंचित पुढे करून, पापण्या अर्ध्या मिटून थांबलेला एक माणूस. तुमचे आबा मला आधी असे ऐकू येतात आणि मग दिसतात. हातात वीतभर लांबीची, शिसवी दांड्याची हातोडी असते, आणि तिचा दांडा त्यांच्या मुठीच्या जागी इतका झिजलेला असतो की ती खाली ठेवली तरी कुणीतरी धरलेलीच वाटते.

रेल्वेच्या कारखान्यात तीस वर्षं त्यांनी डब्यांची चाकं ठोकून पाहिली. निरोगी पोलाद घंटेसारखं बोलतं. ज्याच्या आत केसाएवढी चीर गेली आहे ते मात्र, वरून कितीही चकचकीत असलं तरी, ओल्या मातीवर मूठ पडावी तसं ठप्प वाजतं. निवृत्तीनंतर आम्ही मंदारकडे, म्हणजे तुमच्या मामाकडे, सिडनीच्या क्वेकर्स हिलमध्ये राहायला आलो, तेव्हा कारखाना मागे राहिला, हातोडी मात्र सामानात आली. इथे ते कलिंगड ठोकून घेत, कपबशी ठोकून विसळत. कुंपणाचे खांब, पावसाच्या पाण्याची टाकी, शेजारच्या रॉनची टपालपेटी, जे हाताशी येईल त्याची प्रकृती विचारत. कधी माझ्या कपाळावर बोटाने टिचकी मारून कान लावत आणि म्हणत, "भरलेलं आहे." मी म्हणे, "तुमचं बघा आधी." दोघंही हसत असू. पुढे पुढे हे उत्तर माझ्या ओठांवर येई आणि मी ते गिळून टाकी.

रेवा, अर्जुन, हे तुमच्यासाठी लिहिते आहे. एडिनबराच्या थंडीत तुमची आई ते वाचून दाखवील. जिथे तिचा आवाज अडखळेल तिथे तिने थांबू नये, एवढी विनंती.

इथला वसंत आश्विनात येतो. आश्विन म्हणजे निवळलेलं आकाश आणि पिकलेलं शेत, हे ज्याच्या अंगात मुरलं आहे, त्याला हा उलटा ऋतू कधीच पुरता आपला होत नाही. दोन वर्षांपूर्वीचा वसंत तर आल्या दिवसापासून परका होता. पुढच्या वणव्यांना खाद्य उरू नये म्हणून पश्चिमेच्या डोंगरांत ठरवून आगी लावल्या होत्या, आणि त्यांचा धूर आमच्या छपरांवर आठवडाभर असा पसरून राहिला होता की भर दुपारी सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता यावं. तांब्याच्या ताम्हनासारखा तो आकाशात नुसता टेकवून ठेवल्यासारखा दिसे. दोरीवरच्या साड्यांना राखेचा वास येई. फुलं उमलत होती, पण आजाऱ्याच्या खोलीत कुणी आणून ठेवावी तशी, आवाज न करता.

रॉनच्या अंगणातल्या निलगिरीवर मॅगपायचं घरटं होतं. पिल्लांच्या दिवसांत हा काळापांढरा पक्षी येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोक्यावर झेपावतो. पण ज्याचा चेहरा त्याच्या ओळखीचा असतो, त्याला तो सोडून देतो म्हणतात. आबांना त्याने सहा वसंत सोडून दिलं होतं. त्या वर्षी पहिल्यांदाच तो त्यांच्यावर आला. कानाच्या पाळीवर रक्ताचा थेंब घेऊन ते आत आले, आरशापुढे थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "त्याने मला ओळखलं नाही." मी कापसाने रक्त टिपलं. ओळखीची गाठ दोन्ही टोकांनी सैल होते आहे हे मला तोवर ठाऊक झालं होतं. गॅसवरचं दूध, सकाळची गोळी, मंदारचं ऑफिस ज्या पॅरामॅटात आहे त्या पॅरामॅटाचं नाव, एकेक वस्तू त्यांच्या हातून नकळत खाली पडत होती, आणि पडल्याचा आवाजही त्यांना येत नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, लक्ष ठेवा. मी लक्ष ठेवत होते. त्यांचे हात मात्र काही विसरले नव्हते. हातात पाना आला की त्यांच्या खांद्यांवरचं वय उतरून बाजूला बसे.

त्यांच्या हातांना काम मिळालं ते रॉनच्या कॅरॅव्हॅनचं. गाडीमागे जोडून न्यायचं हे चाकांवरचं घर पन्नास वर्षांचं होतं. गोल कोपऱ्यांचं, वर दुधाच्या सायीचा रंग, कमरेखाली पिस्त्याचा. रॉनची बायको गेल्यापासून ते निलगिरीखाली उभं होतं. छपरावर पानांच्या तेलाचे डाग पडले होते, आणि डावीकडे ते असं कललं होतं की झाड काही सांगतं आहे आणि ते ऐकतं आहे असं वाटावं. रॉन स्वतः ट्रकच्या गॅरेजात म्हातारा झालेला माणूस. एका सकाळी कुंपणावर कोपर टेकून तो म्हणाला, "टेक हर, विश." आबांच्या विश्वनाथ या नावाचं त्याने एवढंच शिल्लक ठेवलं होतं. "गुडघे गेलेत तिचे. माझेही गेलेत, पण मला सुटे भाग मिळत नाहीत."

डिसेंबरात तुम्ही येणार होतात. दोन छोट्या बिछान्यांपैकी खिडकीजवळचा कुणाचा यावर तुमचं फोनवर भांडण सुरू झालं होतं. आबा तुम्हाला तीत घालून समुद्राकाठाने नेणार होते. इतकं उघड, इतकं मोठं काही त्यांनी बऱ्याच दिवसांत मागितलं नव्हतं.

मंदारने विचार करायला दोन दिवस घेतले. मग जेवताना पान पुढे सारून तो म्हणाला, "आबा, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. काम तुम्ही करा, गाडीही तुम्हीच चालवा. पण कामांची यादी आई करील, आणि तिच्या यादीत प्रत्येक ओळीपुढे टिक असेल तरच कॅरॅव्हॅन ड्राइव्हवेच्या बाहेर पडेल. आणि एक जरी चूक निघाली, तर किल्ली माझ्याकडे. कायमची. डील?"

"तुझी आई परीक्षक?" आबा म्हणाले. "मग मी आत्ताच नापास."

"तुमचा पेपर कोरा नसला म्हणजे झालं," मी म्हटलं.

अशा रीतीने त्यांची स्मरणशक्ती माझ्या वहीत राहायला आली. चौतीस वर्षं मी मुलींना इंग्रजी शिकवलं, उत्तरपत्रिका तपासल्या, शाळेची वेळापत्रकं आखली. माझ्या लाल पेन्सिलीची खूण चुकली असं कुणी कधी म्हणालं नव्हतं, मीही नाही. वहीत मी उजवी बाजू आणि डावी बाजू असे दोन रकाने पाडले. आबा त्या वहीकडे, नजर अधू झालेल्या माणसाने काठीकडे बघावं तसे, थोडे लाजून आणि पूर्ण विसंबून बघत.

कॅरॅव्हॅनखाली पुठ्ठा अंथरून ते उताणे पडत, तेव्हा बाहेर फक्त त्यांचे पाय दिसत आणि आतून आवाज येई. चाकांवरचं सगळं ओझं पाट्यांवर असतं. पाटे म्हणजे पोलादी पट्ट्यांची कमान; वरची पट्टी लांब, खालची तिच्याहून आखूड, एकीच्या पाठीला दुसरीची पाठ. जुने पाटे सोडवून त्यांनी पट्ट्या वेगळ्या केल्या, एकेक दोरीला टांगली आणि ठोकली. टण्. टण्. तिसरी म्हणाली, ठप्प. त्यांनी मला जवळ बोलावलं, माझं बोट धरून तिच्यावर फिरवलं. मला काहीच लागलं नाही. "ही कधीच मेलीय," ते म्हणाले. "शेजारच्यांच्या आधाराने उभी आहे. शेजारच्यांनाही माहीत नाही." धुरकट उन्हात ती पट्टी दोरीला हळूहळू फिरत होती, आणि मला तिच्याकडे बघवेना.

पाटे ज्या कड्यांना, म्हणजे शॅकलना, टांगतात तिथले रबराचे बुश शिळ्या भाकरीसारखे चुरले. नवे पाटे आले, नवे बुश आले, आणि आस, म्हणजे चाकांना जोडणारा दांडा, व पाटे यांना एकत्र कवळून धरणारे, इंग्रजी यू अक्षरासारखे वाकलेले, नवे यू-बोल्ट आले. प्रत्येक बाजूला दोन, म्हणजे प्रत्येक बाजूला चार नट. आबांची कामाची रीत तुम्हाला सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावर आहे. ते कुठलाही नट आधी फक्त बोटांनी फिरवत, फिरेल तितका. मग उठून चहा घेत. मग पान्याने आवळत. मी कारखान्याच्या दिवसांतही हसून विचारलं होतं, की मध्ये चहा कशाला. ते म्हणाले होते, "धातूंची आधी ओळख होऊ द्यावी. मग गाठ मारावी." उजवी बाजू त्यांनी या रीतीने दोन दिवसांत पुरी केली. मी चार लाल खुणा केल्या.

अष्टमीच्या संध्याकाळी ते डाव्या बाजूखाली होते. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारं धुऊनपुसून मांडतात, त्यांना हळदकुंकू वाहतात, आणि दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यांना कामासाठी हात लावत नाहीत. वर्षभर राबणाऱ्या लोखंडालाही दोन दिवसांची झोप असते. माझं वेळापत्रक तयार होतं. पाचपर्यंत हत्यारं हवी होती, म्हणजे त्यांचं ग्रीस काढून रात्रीच्या स्वयंपाकाआधी ती पाटावर लागली असती. शिवाय कॅरॅव्हॅनचीही पूजा करायची होती, आणि ती अशी जॅकवर एक पाय उचलून उभी.

"अहो, देवापुढे लंगडी उभी करायची का तिला?" मी म्हटलं. "चाक घाला आणि खाली घ्या. हत्यारं द्या माझ्याकडे."

पुठ्ठ्यावरून आवाज आला. "अगं, डावीकडचे चार नट नुसते बोटांनी लावलेत. पाना लागायचाय."

"दसऱ्यानंतर लावा. पळून जातात का नट?"

खाली पाना पुठ्ठ्यावर ठेवल्याचा आवाज झाला. मग ते म्हणाले, "लिहून ठेव मग."

"हो, ठेवते."

माझ्या हातात सुईदोरा होता आणि झेंडूचा अर्धा हार. हे सगळं मला आज शब्दाशब्दाने आठवतं; सुईच्या टोकाला अडकलेली पाकळी आठवते, त्यांच्या चपलेच्या तळव्याला लागलेलं निलगिरीचं पान आठवतं. त्यांनी चाक घातलं, ते चाकाचे नट नीट आवळले, जॅक उतरवला, हत्यारं फडक्यात बांधून माझ्या हातात दिली, आणि हात धुवायला गेले. वही आत टेबलावर होती. हार पुरा करून लिहू, असं मी ठरवलं.

नवमीची दुपार फार शांत होती. पूजा झाली होती. पाटावर पाने, जॅक, पोपटपक्कड आणि मध्यभागी ती हातोडी, सगळ्यांच्या कपाळी हळदकुंकू. बाहेर कॅरॅव्हॅनच्या गळ्यात झेंडूचा हार होता, दारावर कुंकवाचं स्वस्तिक होतं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती सरळ उभी होती. तांब्याच्या उजेडात ती एखाद्या नुकत्याच बऱ्या झालेल्या रुग्णासारखी दिसत होती. मी खिडकीशी वही घेऊन बसले. मला रिकामी जागा बघवत नाही. हा माझा गुण आहे असं मी आयुष्यभर समजत आले. डाव्या रकान्यात ओळी होत्या: पाटे, शॅकल, बुश, यू-बोल्ट. मी खिडकीतून तिच्याकडे पाहिलं. हार घातलेली वस्तू अपुरी असेल हे मनाला शिवलंच नाही. लाल पेन्सिलीला टोक केलं आणि चार खुणा केल्या. एका रेषेत, एका उंचीच्या, फार सुरेख आल्या होत्या.

दसऱ्याला आपट्याऐवजी आम्ही रस्त्याकडेच्या कांचनाची पानं वाटली. जोडपानाचा आकार तोच. रॉनने आपलं पान टोपीत खोचलं. "गोल्ड म्हणतेस? मग मी पुन्हा एकदा रिटायर होतो." आबा मोठ्याने हसले. त्या हसण्यानंतर त्यांनी काहीतरी आठवल्यासारखा हात वर केला, आणि तो हात तसाच थोडा वेळ हवेत राहिला, कशासाठी वर गेला होता ते शोधत. मग खाली आला.

शनिवारी पहिली फेरी ठरली होती, डोंगर ओलांडून लिथगोपर्यंत. धूर अजून होता. मंदारने गाडीला कॅरॅव्हॅन जोडली, ब्रेकचे दिवे तपासले. मी वही घेऊन पायरीवर उभी होते. आबा डाव्या चाकाशी थांबले होते, हातात हातोडी. तिच्या दांड्यावर हळदीचं बोट तसंच होतं.

"डावीकडचे झाले ना?" त्यांनी विचारलं.

मी पान उलटलं. "झाले."

"मी केले?"

"तुम्हीच. दुसरं कोण करणार?"

ते चाकाकडे बघत राहिले. त्यांच्या बोटांची, अंगठा आणि दोन बोटं यांची, जागच्या जागी एक बारीक हालचाल होत होती, काही फिरवल्यासारखी. "मी एकदा ठोकून बघतो," ते म्हणाले आणि वाकू लागले.

"अहो, यादीत खूण आहे," मी म्हटलं. मंदार घड्याळ बघत होता. मला त्याच्यापुढे त्यांची शोभा नको होती. हे खरं आहे. माझ्या यादीवर भर अंगणात कुणी हातोडी मारावी हेही नको होतं. हेही खरं आहे. "तुम्ही केलंत. विसरलात."

ते सरळ झाले. माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, शंकाही नव्हती. रस्ता चुकलेल्या माणसाने ज्याला पत्ता विचारला त्याच्याकडे बघावं तसा निखळ विश्वास होता. "असेल," ते म्हणाले, आणि हातोडी मागच्या सीटवर ठेवून गाडीत बसले.

चढाचा रस्ता त्यांनी सुंदर चालवला. दोन्ही हात स्टिअरिंगवर, मान ताठ, ओठांत न उमटणारं गाणं. दोन्ही बाजूंना जळून काळी पडलेली खोडं धुरातून पुढे येत आणि मागे जात, शोकसभेला उभ्या राहिलेल्या माणसांसारखी. माउंट व्हिक्टोरिया मागे पडलं आणि उतार लागला. डावीकडे दरी होती, पण धुराने ती भरून टाकली होती, त्यामुळे भीती वाटावी असं काही दिसतच नव्हतं. यादीतली शेवटची ओळ मांडीवर उघडी होती: शंभर किलोमीटरनंतर सर्व नट पुन्हा आवळणे. लिथगो वीसेक किलोमीटर राहिलं होतं.

आबांनी ब्रेक दाबला, सोडला, पुन्हा दाबला. मग त्यांनी डावा कान पुढे केला.

"ऐकलंस?"

"काय?" मंदार मागून म्हणाला. "काही नाही, आबा. रस्ता बघा."

"ठप्प वाजतंय."

मला जळका वास येत होता; पण आठवडाभर सगळं जगच जळकं होतं. आबांनी कुणाला काही विचारलं नाही. त्यांनी गाडी इतकी हळू केली की मागच्या ट्रकने कर्कश हॉर्न दिला, आणि पुढच्या वळणाआधी, खडी पसरलेल्या एका रुंद जागेत, कुशीवर मूल निजवावं तशी ती बाजूला घेतली. थांबताना मागून एक दीर्घ, खरखरीत आवाज आला. मग ट्रक गेला, आणि त्याच्या वाऱ्याने आम्ही तिघंही हललो.

कॅरॅव्हॅन डावीकडे कलली होती, पूर्वीपेक्षा खूप जास्त. आस पाट्यांवरून मागे सरकली होती, चाक पत्र्याला घासून धुमसत होतं. वळणावर ती पूर्ण निसटली असती तर तिने आम्हाला कुठे नेलं असतं ते सांगायला धुराखालची दरी होती. मंदार गुडघ्यांवर बसून खाली डोकावला. पाट्याखाली हात घालून त्याने चाचपलं. मग उठला. त्याच्या तळहातावर एक नट होता, नवा, पान्याचा एकही ओरखडा नसलेला.

"दोन पडलेत. दोन हाताने फिरतायत," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. त्यापेक्षा चढला असता तर बरं. "आबा, हे आवळायचे राहिले?"

त्याच क्षणी मला ती पाकळी आठवली. सुईच्या टोकाची. आणि पुठ्ठ्यावरून आलेला आवाज, लिहून ठेव मग. वही माझ्या हातात उघडी होती. चार लाल खुणा, एका रेषेत.

आबांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. अंगठा आणि दोन बोटं. ती बोटं खरं सांगत होती, आणि त्यांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही; त्यांनी माझ्यावर ठेवला होता. "मी विसरलो असेन," ते म्हणाले.

मी वही मिटली.

का मिटली, याचं उत्तर मी दोन वर्षं शोधते आहे, आणि दर वेळी एकापेक्षा जास्त सापडतात. माझी खूण चुकली हे म्हणायला माझ्याकडे शब्दच नव्हते, कधी लागलेच नव्हते. आणि दुसरं, जे मी तुमच्या आईलाही सांगितलेलं नाही: त्यांच्या गाडी चालवण्याची मला महिनोन्महिने धास्ती वाटत होती, आणि मंदारने हात पुढे केला, आबांनी त्यात किल्ली ठेवली, तेव्हा माझ्या छातीवरून काहीतरी उतरलं. त्या हलकेपणात मी गप्प राहिले. आपल्याला हवं ते दुसऱ्याच्या चुकीने मिळत असेल, तर ती चूक कुणाची हे विचारायला जीभ उचलत नाही.

आणखी एक गोष्ट त्या खडीवर कुणीच म्हणालं नाही. आवाज त्यांनी ऐकला होता. आम्ही तिघं जिवंत होतो ते त्यांच्या कानाने.

कॅरॅव्हॅन एका मोठ्या गाडीवर चढवून परत आली आणि पुन्हा निलगिरीखाली उभी राहिली. तुमचं येणं पुढे ढकललं गेलं. आबांनी हातोडी पेटीत ठेवली आणि नंतर काहीही ठोकून पाहिलं नाही. कलिंगड मी सांगेन ते घेतलं. ते प्रत्येक गोष्ट विचारू लागले. "मी गोळी घेतली ना?" "मी जेवलो ना?" "मी दार लावलं ना?" पुष्कळदा त्यांनी ते केलेलं असे आणि त्यांना आठवतही असे, पण आठवणं आता पुरेसं नव्हतं, माझी खूण लागे. रोगाने किती नेलं आणि माझ्या 'विसरलात' या शब्दाने किती, हे कुणाला वेगळं काढता येणार नाही. पण पट्ट्यांच्या चळतीत एक मेली की ओझं दुसरीवर जातं, हे त्यांनीच मला दाखवलं होतं.

अर्जुन, तुला आठवत असेल, एकदा फोनच्या पडद्यावर तू विचारलंस, "आबा, आर युअर टीथ टाइट टुडे?" म्हणजे आज दात तरी घट्ट आवळलेत ना. सगळे हसलो. तुला त्या गोष्टीतलं जेवढं सांगितलं गेलं होतं तेवढंच तुला माहीत होतं. तुझा काही दोष नाही. पण आबांनी हसता हसता खरंच कवळी चाचपून पाहिली, आणि मग माझ्याकडे बघितलं, आहे ना म्हणून. मी मान हलवली. एवढंच सांगण्यासाठी मी हे लांबलचक लिहिलं. ती गोष्ट पुन्हा तशी सांगू नका. नट ते विसरले नव्हते. राहिलेत म्हणून सांगितलं होतं, लिहून ठेव म्हणाले होते, निघताना थांबले होते, ठोकून बघतो म्हणाले होते. त्यांनी एका माणसाने जितक्या वेळा आठवावं तितक्या वेळा आठवलं. खोडलं ते मी.

या जुलैच्या थंडीत ते गेले. तुम्हाला ते माहीत आहे. काल मी मंदारला सांगितलं. तो ऑफिसातून येऊन चहा घेत होता. कप खाली ठेवून तो निलगिरीकडे बघत बसला. मग एकच प्रश्न विचारला.

"आबांना हे सांगितलं होतंस?"

"नाही."

त्याने मान हलवली, कप विसळला, आणि नेहमी पालथा घालतो तसा पालथा घातला. अजून आम्ही त्यावर बोललो नाही.

आज अष्टमी आहे. वसंत आला आहे, या वर्षी धुराशिवाय. आकाश इतकं स्वच्छ आहे की काही लपवायला जागा नाही. उद्यासाठी मी हत्यारं काढून पाटावर मांडली. ती वहीही त्यांच्याशेजारी ठेवली आहे, त्या पानावर उघडी. चार खुणा मी पुसल्या नाहीत. त्यांच्या खाली फक्त लिहिलं, चूक माझी. मग हातोडी उचलली. दांड्यावरची खोल जागा माझ्या मुठीला मोठी होते. खिडकीबाहेर कॅरॅव्हॅनची जुनी, निरोगी पट्टी अजून दोरीला टांगलेली आहे; मी तिला एक ठोका दिला आणि ते थांबत तशी थांबले. ठोका देणारा हात केव्हाच खाली येतो, नाद मात्र त्याच्यानंतरही पुष्कळ वेळ चालत राहतो, आणि माणूस नसणं म्हणजे तो नाद एकट्याने ऐकत राहणं असावं. तो विरला तेव्हा मी बोटाने स्वतःच्या कपाळावर टिचकी मारून पाहिली. काय ऐकू आलं ते सांगणारा कान आता या घरात नाही.